पालथा पेला

आबकारी खात्यात होतो म्हटलं की समोरचा माणूस डोळा मारतो. मग ठरलेला प्रश्न येतो, "काय हो, घरी पिंप भरलेलं असेल!" नोकरीभर हे ऐकलं, पेन्शनीत ऐकतो आहे, आणि परवा हा अंक काढणाऱ्या तरुण मंडळींनीही तेच विचारून वर सांगितलं, "काका, दिवाळी आहे, जरा खमंग लिहा. गमतीजमती येऊ द्या." बरं. एक गंमत सांगतो आणि मग मला जे सांगायचं आहे ते सांगतो. ते खमंग नाही. इतकी वर्षं झाली, पण आजही ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

मी निर्मळचा. केळीच्या बागायतीतला. वसई तालुक्यात आबकारी सब-इन्स्पेक्टर म्हणून नेमणूक झाली तेव्हा माझे काका म्हणाले होते, "केळीला पाणी घालायचं सोडून दारूत पाणी किती ते मोजायला चाललास. धन्य आहे!" पण काम खरंच तेच होतं. ही चाळीसच्या दशकातली गोष्ट, दारूबंदी यायच्या आधीची. तेव्हा मोहाची दारू सरकारी गोदामातून मोहरबंद पिंपांत यायची. दुकानाचं लायसन दरसाल लिलावानं जायचं. दुकानात जाऊन हायड्रोमीटर बुडवायचा, दारूचा जोर बघायचा, दुकान वेळेवर उघडतं-मिटतं का ते पाहायचं, आणि कुणाला किती देतात त्यावर नजर ठेवायची. मी स्वतः थेंबही घेतला नाही. ते फुशारकी म्हणून सांगत नाही, पुढे कुणी मला दारूचा वकील म्हणू नये म्हणून सांगतो.

दारू दोन तऱ्हांनी विकली जायची. एक बैठकीत, म्हणजे दुकानाच्या बाकड्यावर बसून पेल्यानं प्यायची. दुसरी नेणावळ, म्हणजे बाटली घेऊन घरी जायचं. नेणावळीला हद्द असे, एका माणसाला ठरावीक मापाच्या वर नाही. लग्नकार्य असेल तर मात्र जास्त मिळे, पण त्याला आमची परवानगी लागे.

आता ती गंमत. एकदा पास्कू नावाचा किरिस्ताव गडी माझ्यासमोर येऊन उभा. ऐन चाळीस दिवसांच्या उपासाच्या काळात. म्हणतो, "साहेब, बहिणीचं लगीन हाय, जास्तीची द्या." एखाद्या परमुलखातल्या साहेबानं दिलीही असती. पण मी याच मातीतला. आमच्या शेजारच्या आळीत इगर्जीची, म्हणजे चर्चची, घंटा वाजली की आमच्याकडे दिवेलागण व्हायची. मी म्हटलं, "पास्कू, उपासात लग्न लावणारा पाद्री कुठून आणलास?" गडी जरा चुळबुळला. मग म्हणाला, "मग बाप्तिज्म्याचं लिवा." मी विचारलं, "कुणाचा बाप्तिज्मा?" तर म्हणतो, "तुमी लिवा तर खरं साहेब, पोर करू आमी!"

झाली गंमत. आता ऐका.

नालासोपाऱ्याला स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर जिवाशेठचं दुकान होतं. जिवाशेठ काही देवमाणूस नव्हता, पण लबाडही नव्हता. दुकानात सहा-सात बाकडी, जाड बुडाचे काचेचे पेले आणि ते भरायला भिकू नावाचा नोकर. भिकू सडपातळ, बोलायला कमी. त्याच्या हाताला सवय अशी की पेला काठोकाठ भरेल पण थेंब सांडणार नाही. आचोळ्याच्या पलीकडे खाडीच्या बांधाला लागून एक पाडा होता. भातशेती करणारी, मिठागरात राबणारी माणसं. ती संध्याकाळी या दुकानात यायची आणि बैठकीतच प्यायची, बाटली घरी नेत नसत.

माझी नेमणूक नवी होती तेव्हा एके संध्याकाळी मी तिथे तपासणीला गेलो. बाकड्यावर पाड्यातले गडी बसलेले. एवढ्यात एक बाई सरळ आत आली. काळीसावळी, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय चिखलाचे. मला वाटलं आता तमाशा होणार. तसं काही झालं नाही. ती एका गड्यासमोर गेली, त्याचा रिकामा पेला उचलला, बाकड्यावर पालथा घातला आणि म्हणाली, "तुजा झाला. चल घरा."

तो गडी म्हणजे हिरू. हिरू हसला, मुंडासं झटकलं आणि निघाला. बाकीच्यांनी वरही पाहिलं नाही. बाई त्याची बायको, बारकी.

मी भिकूला विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "पेला पालथा झाला साहेब. आता आज त्याला थेंब नाही."

"आणि तो परत आला तर?"

"येईल. पण मी भरणार नाही. पालथा पेला जिनं घातला तिनंच सुलटा करायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. खुद्द शेठनं सांगितलं तरी नाही."

हा नियम कुणी केला, कधी केला, कुणाला ठाऊक नव्हतं. भिकूच्या बापानंही हेच काम केलं होतं, तेव्हाही होता म्हणे. गडी मोडत नसत. घरी कितीही अरेरावी करणारा असो, चारचौघांत बायकोनं पालथा घातलेला पेला जो सुलटा करील त्याच्या शेजारी पुन्हा कुणी बसत नसे. जिवाशेठलाही हे सोयीचं होतं, कारण पाड्यातल्या बायका बिथरल्या असत्या तर त्याचं दुकान चाललं नसतं. आमच्या खात्याचे नियम भिंतीवर टांगलेले असायचे, कुणी वाचायचं नाही. खरा नियम बाकड्यावर पालथा पडलेला असायचा.

बारकी रोज येत नसे. तिचं येणं खाडीच्या पाण्यावर होतं. हिरू पाड्याचा उघाडीवाला होता. उघाडी म्हणजे बांधातला दरवाजा. पावसाळ्यात शेतात तुंबलेलं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं आणि भरती चढायच्या आत खाचांत फळ्या टाकून दरवाजा बंद करायचा. चुकला तर खाडी शेतात. आणि खारं पाणी एकदा शेतात शिरलं की ती जमीन दोन-तीन पावसाळे धुऊन निघाल्याशिवाय भात देत नाही. सगळ्या पाड्याचं ताट त्या फळ्यांवर. अमावास्या-पुनवेला उधाण असतं, भरती भर दुपारी आणि मध्यरात्री. दुपारी दुकान उघडलेलं नसायचं, त्यामुळे दुपारची काळजी नाही. रात्रीच्या भरतीसाठी बारकी अशा दिवशी लवकर यायची, पहिल्याच पेल्यानंतर. "आज उधान हाय. तुजा झाला. चल घरा." आणि हिरू उठायचा. मी त्याला विचारलं होतं, "तुला राग येत नाही रे?" तो म्हणाला, "राग कसला साहेब? मना भरतीची याद नाय राहत. तिला राहते."

मग आमचे सुपरिंटेंडंट साहेब आले.

माणूस वाईट नव्हता, हेच तर दुखणं आहे. लाच खात नव्हते, दारूला शिवत नव्हते, खादी घालायचे, पहाटे उठून गीता वाचायचे. त्यांना दारूचा तिटकारा होता, आणि त्याहून जास्त तिटकारा होता तो दारुड्यांच्या दर्शनाचा. नालासोपाऱ्याला उतरताना त्यांना दुकानातली बाकडी दिसली. बाहेर कुणीतरी गाणं म्हणत होतं. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. मला म्हणाले, "सभ्य माणसांनी, आयाबहिणींनी या रस्त्यानं जायचं कसं? हा अड्डा बंद झाला पाहिजे."

आठवड्याभरात हुकूम आला. बैठक बंद. बाकडी काढा, पेले काढा. यापुढे फक्त नेणावळ. बाटली घ्या आणि घरी जा.

मी साहेबांकडे गेलो. पालथ्या पेल्याचं सगळं सांगितलं. म्हटलं, "साहेब, उलटं करा. बैठक राहू द्या, नेणावळ बंद करा. दुकानात माणूस चार डोळ्यांसमोर पितो, घटकाभर बसतो, बायको येऊन उठवते. बाटली घरात गेली की तिला ना वेळ, ना माप, ना साक्षीदार." साहेब शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुम्ही आबकारी अधिकारी आहात की गुत्त्याचे मॅनेजर?" मी दुसऱ्यांदा गेलो, या वेळी इंग्रजीतून सांगितलं, म्हटलं कदाचित भाषेचा दोष असेल. तेव्हा त्यांनी मला घड्याळ दाखवलं.

रस्ता स्वच्छ झाला. अगदी लख्ख. जिवाशेठ खूश, कारण बाकडी नकोत, नोकर नको, खिडकीतून बाटली द्यायची की झालं. भिकूला त्यानं काढून टाकलं. भिकूनं स्टेशनाजवळ चहाची किटली घेतली. पेले टोपलीत भरून दुकानाबाहेर ठेवले होते, ज्याला हवे त्यानं न्यावे. बारकीनं हिरूचा पेला ओळखून नेला; त्याच्या काठाचा टवका उडालेला होता.

आणि घरं? घरांचं काय सांगू! पूर्वी हिरू दोन पेल्यांवर उठायचा. आता बाटली उशाशी. सकाळी उठला की एक घोट, कारण ती समोर आहे. म्हातारा बाप घरी पडून असायचा, तोही घेऊ लागला. घरोघर हीच तऱ्हा. साहेबांना वाटलं दारू गेली. अहो, दारू कुठे गेली? नजरेआड गेली! घरात घाण लपवून अंगणात सडा घालावा तशातली गत.

एके दिवशी बारकी माझ्या कचेरीत आली. गालावर काळानिळा वळ. उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "दादा, पेला पालथा घालता येतो. बाटली पालथी कशी घालू? मी घातली. दारू सांडली, नि त्यानं मना मारली. जल्मान कधी हात नव्हता उचलला."

मी म्हटलं, "हुकूम कसा चाललाय त्या चौकशीला साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर सांगशील?"

"एकली नाय. समद्या येतांव."

त्या आल्याच. शाळेच्या पडवीत साहेबांचं टेबल मांडलं होतं. पाड्यातल्या झाडून साऱ्या बायका ओळीनं आल्या, प्रत्येकीच्या पदराखाली दुकानातला एकेक पेला. एकेकीनं तो टेबलावर पालथा घातला. टेबल भरून गेलं. मला वाटलं, आता तरी. एवढं तर दगडालाही कळेल.

बारकी पुढे झाली. "साहेब, बाकडी परत द्या. बाटली बंद करा. त्याला तथंच पिऊ द्या. आमी आनू उठवून."

साहेबांनी त्या पेल्यांकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, आणि हसले. खरंच हसले! शेजारच्या हेडमास्तरांना म्हणाले, "बघा, काळ कसा आला आहे! पुरुष परवडले. इथे बायकाच पेले घेऊन गुत्ता मागायला आल्या." हेडमास्तरही हसले. हसणारच, साहेब हसले ना!

मी म्हणालो, "साहेब, त्या मागायला नाही, थांबवायला आल्या आहेत." साहेबांनी हात वर केला. चौकशी संपली. बायकांनी आपापले पेले उचलले. बारकीनं आपला शेवटी उचलला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, त्याचं मला बरं वाटलं.

मग श्रावणातली पौर्णिमा. कोळीवाड्यात नारळाची तयारी चाललेली. पाऊस तीन दिवस धरून होता, शेतं तुडुंब, म्हणून हिरूनं सकाळच्या ओहोटीला उघाडी उघडली. मग घरी आला. बाटली घरात होतीच. पूर्वीचे दिवस असते तर दुकान बंद, दुपारपर्यंत गडी शुद्धीत. आता भरती चढायला लागली तेव्हा तो घरात आडवा. बारकी आवणात, भाताच्या लावणीत, गुडघाभर चिखलात होती. खाडीचा आवाज बदलला तसं तिनं बांधाकडे पाहिलं. पाणी बाहेर जायचं ते आत येत होतं.

ती घराकडे ओरडत धावली. हिरू उठला. आवाज ऐकला आणि त्याची उतरली म्हणतात, पण पायांची उतरली नव्हती. धावत बांधावर गेला आणि फळी घेऊन सरळ उघाडीच्या तोंडात उतरला. बारकी सांगायची, पहिली फळी त्यानं खाचेत बरोबर बसवली. दुसरी हातात घेतली आणि पाय निसटला. पाण्यानं त्याला आत ओढलं. ओहोटीला पाणी परत फिरलं तेव्हा तो बांधाबाहेर तिवरांच्या झाडीत सापडला, फळी हातातच होती.

पाड्याचं सगळं भात गेलं. त्या साली आणि पुढच्याही. ज्यांच्या घरात दारूचा थेंब नव्हता त्यांचंही गेलं, खारं पाणी काही घर विचारून शिरत नाही. कित्येक गडी बायकापोरांना घेऊन दूरच्या मिठागरांवर गेले. मी पंचनाम्याला बांधावर उभा होतो. वर काय कळवलं गेलं, तर अपघात. अपघात! मी माझ्या बायकोला त्या दिवशी जेवताना म्हणालो, "ज्यानं बाकडी काढली त्याला उघाडीच्या तोंडात उभं करायला हवं." ती म्हणाली, "हळू बोला, नोकरी आहे." हळू बोलायला सांगणाऱ्यांची या देशात कधी वाण पडली नाही.

पुढे दारूबंदी आली. जिवाशेठचं दुकानच उठलं. आता याच तिवरांत हातभट्ट्या लागल्या ते मी सांगायला नको, आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्या वेळी जिकडेतिकडे आनंदीआनंद होता. शाळेच्या मैदानात मोठी सभा झाली. मांडव, पताका, व्यासपीठावर खुर्च्या आणि लांब टेबल. तालुक्यात दारूविरुद्ध पहिलं पाऊल उचलणारे म्हणून सुपरिंटेंडंट साहेबांचा सत्कार. खात्याचा माणूस म्हणून मलाही टोकाची खुर्ची. टेबलावर प्रत्येकापुढे चहाची कपबशी मांडलेली, आणि चहाचं काम कुणाकडे? स्टेशनावरच्या भिकूकडे.

साहेब बोलायला उठले. बोलता बोलता म्हणाले, "याच गावाच्या वेशीवर एक तरणाताठा शेतकरी दारूपायी खाडीत बुडाला. हिरू त्याचं नाव. दारूचा बळी! त्याच्या अभागी पत्नीला आज आपण इथे बोलावलं आहे."

बारकी पहिल्या रांगेत बसली होती. कपाळ मोकळं. पोरं कडेला. मी टेबलाची कड घट्ट धरली. दारूचा बळी! अरे, हिरू दारू पीत होता तेव्हा जिवंत होता. तुमच्या हुकुमानंतर मेला तो!

टाळ्या वाजल्या. कुणीतरी बारकीला हाताला धरून व्यासपीठावर आणलं. "बाई, दोन शब्द बोला. साहेबांना काही सांगा."

तिनं कुणाकडे पाहिलं नाही. टेबलाला वळसा घालून साहेबांच्या खुर्चीशी आली. त्यांच्यापुढचा रिकामा कप उचलला आणि बशीत पालथा घातला. मग बाजूला उभी राहिली.

लोकांना वाटलं बाई बावरली. अध्यक्ष म्हणाले, "असू दे, असू दे. चहा आणा." भिकू किटली घेऊन आला. अध्यक्षांचा कप भरला. हेडमास्तरांचा भरला. साहेबांपाशी आला, कपाकडे पाहिलं, बारकीकडे पाहिलं आणि पुढे सरकला. माझा कप काठोकाठ भरला. थेंब सांडला नाही.

साहेबांनी हसत कप स्वतःच सुलटा केला. "अरे, मला राहिला की."

"नाही साहेब," भिकू म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"पालथा जिनं घातला तिनंच सुलटा करायचा."

मांडवात पुढे बसलेल्या पाड्यातल्या बायकांतली कुजबुज थांबली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "हा काय प्रकार आहे?" दोनदा सांगून झालं होतं, एकदा तर इंग्रजीतून. मी कप उचलला आणि सगळ्यांदेखत घोट घेतला.

मग साहेब बारकीकडे वळले, आवाज मऊ केला. "बाई, रागावलात का? मी चहा घेऊ ना?"

बारकीनं त्यांच्या हातून कप घेतला, पुन्हा बशीत पालथा घातला आणि म्हणाली, "तुमचा झाला, साहेब. जा घरा."